जिन्याखालचा पाइप

जावयाने आधी गाडी जॅकवर उचलली आणि मग बोल्ट सोडायला घेतले, तेव्हाच फिटरला हसू आवरेना. पुढचं चाक हवेत, त्यावर पाना, आणि जावई जोर लावतोय तसं चाकच गरागरा फिरतंय. फिटर फाटकाजवळ खुर्ची टाकून चहा पीत होता. तो उठला नाही. दातांच्या डॉक्टरने गाडीला हात लावल्यावर दुसरं काय होणार? असल्या माणसासमोर लोक तोंड तरी कसं उघडतात, हे कोडं त्याला लग्नाच्या बोलणीपासून सुटलेलं नव्हतं.

"जावईबापू," शेवटी तो म्हणाला, "चाक जमिनीवर असताना बोल्ट ढिले करतात. मग गाडी उचलतात. तुमच्या पुस्तकात नव्हतं वाटतं?"

"खरंच की. घाईत विसरलो," असं म्हणून जावई जॅक उतरवू लागला. त्याला साधं चिडतासुद्धा येत नसे. फिटरला त्याच्यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त डोक्यात जाई.

फिटरचं उभं आयुष्य कारखान्यात गेलं होतं. त्याने बसवलेला जोड कधी गळला नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या लेखी माणसं दोनच प्रकारची होती, घट्ट आवळणारी आणि ढिली. जावई म्हणजे ढिल्यांचा मुकुटमणी. चपला पायातून निसटणाऱ्या, चष्मा नाकावरून घसरणारा, बोलणं असं की वाक्य संपलं की नाही तेच कळू नये.

मुलगी पायरीवर उभी होती. कडक इस्त्रीचे कपडे, हातात फाइल. मूल झाल्यावर तिने प्रयोगशाळेतली नोकरी सोडली होती, आणि आता एवढ्या वर्षांनी तशाच जागेसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं. अकराला हजर नसेल त्याला आत घेणार नाही, असं बजावून सांगितलेलं. इथून ते ठिकाण त्यातल्या त्यात जवळ पडतं म्हणून मुलाला तिच्या सासूकडे ठेवून दोघं काल मुक्कामालाच आली होती. सकाळी बघतात तर पुढच्या चाकात हा एवढा खिळा.

"टॅक्सी बोलवू का?" जावयाने विचारलं.

"टॅक्सी!" फिटरने कप खाली ठेवला. "एका चाकासाठी टॅक्सी? अहो, पाच मिनिटांचं काम आहे. मनगटात जोर नसला की माणसाला टॅक्सी आठवते."

मुलीने फोन काढला होता, तो परत पर्समध्ये ठेवला. वडिलांचा शब्द. गाडी, पाना, नळ या विषयांत तिने तो लहानपणापासून प्रमाण मानला होता.

पण बोल्ट काही हलेनात. जावयाने पाना धरून अंगाचं वजन टाकलं. मग गंज सोडवणारं तेल मारून थांबला. मग बोल्ट आधी जरासा उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे, असा डुलवून बघू लागला. घट्ट बसलेली दाढ अशीच सोडवायची असते, असं तो म्हणाला.

"डुलवा, डुलवा," फिटर म्हणाला. "भूल द्यायची राहिली वाटतं."

जावई हसला. फिटरच्या अंगाचा तिळपापड झाला. तो उठला, जावयाला बाजूला सारून त्याने स्वतः पाना धरला आणि असा हिसका दिला की खांद्यात कळ उठली. बोल्ट जागचा ढिम्म हलला नाही. त्याने पाना सोडला, हात पुसले आणि जाहीर केलं, "गॅरेजवाल्यानं मशीननं आवळलेत. अक्कल नाही मेल्यांना. बटण दाबलं की झालं काम!"

दारात पंचा पिळत उभ्या असलेल्या बायकोने त्याच्याकडे बघितलं. फिटरने नजर दुसरीकडे वळवली.

बोल्ट गॅरेजवाल्याने आवळले नव्हते, फिटरने आवळले होते. मागे एकदा त्याने मुलीच्या गाडीचा इंजिनखालचा तेलाचा बोल्ट एवढा पिळला होता की आटेच गेले, आणि गाडी आठवडाभर पडून राहिली. तेव्हा मुलीने हात जोडून सांगितलं होतं, बाबा, पुन्हा आमच्या गाडीला हात लावायचा नाही. त्याने मान डोलावली होती. पुढे नवे टायर टाकून ती दोघं जेवायला आली. दुपारी दोघं आडवी झाल्यावर याला राहवेना. गॅरेजातली पोरं बोल्ट काय आवळणार, कपाळ! त्याने पान्याला हातभर लांब लोखंडी पाइप चढवला आणि एकेका बोल्टवर पाइपाच्या टोकाला उभं राहून चक्क उड्या मारल्या. मग पाइप जिन्याखाली सरकवून तो हात धुऊन चहाला बसला होता.

"पान्याला लांब पाइप लावला तर हलतील," जावई घाम पुसत म्हणाला. "बाबा, तुमच्याकडे असेल ना एखादा?"

आता पाइप बाहेर काढायचा म्हणजे सगळंच बाहेर काढायचं, आणि तेही या डुलवणाऱ्यासमोर.

"माझ्याकडे कुठला?" फिटर म्हणाला. "कारखाना काय घरी उचलून आणलाय मी? शोधा, पाय आहेत ना तुम्हाला?"

जावई खरंच शोधायला गेला. चपला फटक फटक वाजवत एका घरातून दुसऱ्या घरात. फिटर खुर्चीत बसून ते बघत होता आणि मनात म्हणत होता, भीक मागतोय, शोभतंय त्याला. मुलीने टॅक्सीला फोन लावला. जवळपास गाडी नव्हती, यायला पाऊण तास लागेल म्हणाले. ती फोन बंद करून घड्याळ बघत राहिली. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता. फिटरला तिची दया आली, अगदी पोटातून आली. या बावळटाशी लग्न करून पोरीचं काय झालं बघा, असंही त्याच्या मनात आलं.

जावई हात हलवत परत आला. तेव्हा मुलीने फाइल पायरीवर ठेवली, गाडीजवळ गेली आणि बुटासकट पान्यावर चढली. पाना निसटला. ती गुडघ्यावर पडली, पँट फाटली आणि नडगीवर रक्त आलं. तरी ती उठून पुन्हा पाना लावायला लागली.

मग मात्र फिटर उठला. जिन्याखाली वाकला, पाइप ओढून काढला आणि पान्यावर चढवला. पहिला बोल्ट कर्रकन ओरडला आणि सुटला. मग दुसरा, मग उरलेले. चाक निघालं, स्टेपनी बसली. खांदा ठणकत होता, तरी त्याला राहवलं नाही. "याला म्हणतात काम," तो जावयाला म्हणाला.

जावई पाइपाकडे बघत होता. मुलगीही.

"हा कुठे होता?" तिने विचारलं.

"अडगळीत होता. सापडत नव्हता."

"सापडायला काय झालं?" दारातून बायको म्हणाली. "तुम्ही जेवायला आला होतात ना, त्या दुपारी यांनी तोच लावून तुझ्या गाडीचे बोल्ट आवळले. मी खिडकीतून बघितलं. आज सकाळपासून वाट बघतेय, आता सांगतील, मग सांगतील. आधी मीच सांगायला हवं होतं गं."

फिटरने तोंड उघडलं. गॅरेजवाला, हल्लीचं लोखंड, सगळं जिभेवर तयार होतं.

"राहू द्या हो बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं."

ती ओरडली असती तर त्याने परतून ओरडून घेतलं असतं. पण हा स्वर त्याच्या ओळखीचा होता. जावयाशी बोलताना तो स्वतः हाच लावायचा.

जावयाने दार उघडून धरलं, "चल, निदान जाऊन तर बघू," म्हणाला. तिने घड्याळ दाखवलं. अकराला थोडाच वेळ उरला होता आणि रस्ता तासाभराचा होता. ती तशीच पायरीवर बसली, रुमाल नडगीवर दाबून धरला आणि मुलाखतीच्या ठिकाणी फोन लावला. आज पोचता येणार नाही म्हणाली. दुसरा दिवस मिळेल का, असं तिने दोनदा विचारलं. नाही मिळणार, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पलीकडची बाई बहुधा मायाळू असावी. तिने आणखी काहीतरी विचारलं.

"हो, घरचीच अडचण आली," मुलगी म्हणाली. "नाही नाही, आजारी कुणी नाही. वडील आहेत माझे."