काज डावीकडे

शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी लावायच्या आधी वन्संनी सवयीने वरच्या शर्टावरून हात फिरवला आणि त्यांचा हात थबकला. बटणपट्टीची उजवी बाजू वर होती.

तपासणीच्या टेबलावरच्या या बाईंना सगळा कारखाना वन्संच म्हणायचा. काजाच्या यंत्रावर त्यांची भावजय बसायची, ती दिवसभर वन्सं, वन्सं करायची, आणि ते नाव सगळ्यांच्याच तोंडी बसलं.

उजवी बाजू वर, यात काय बिघडलं? एरवी काहीच नाही. पण ज्या देशाला हे शर्ट जायचे होते, त्याने बाहेरून येणाऱ्या कपड्यांवर वर्षाची मर्यादा घातली होती. पुरुषांचे इतके, बायकांचे इतके. त्यालाच कोटा म्हणायचे. बायकांचा कोटा केव्हाच संपला होता. पुरुषांच्या कोट्यात थोडी जागा उरली होती, तीही आज पाच वाजेपर्यंतच. शर्ट पुरुषाचा की बाईचा, हे बंदरावरचे साहेब एकाच गोष्टीवरून ठरवत: डावी बाजू वर असेल तर पुरुषाचा, उजवी वर असेल तर बाईचा. बाईचा एक जरी शर्ट निघाला तरी सगळा माल परत. आणि हा माल परत आला तर शिलाईची दुसरी रांग बंद, असं मालकांनी सकाळीच सांगितलं होतं. त्या रांगेत तीस बायका होत्या.

"अगं, इकडे ये. हे काय?"

भावजयीने शर्ट पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "वन्सं, हळू बोला ना."

"किती आहेत असे?"

"पहिला गठ्ठा. चोवीस." ती कुजबुजली. "चिठ्ठीवर लिहिलं होतं, काज डावीकडे. मी माझ्या डावीकडे केलं. शर्ट समोर ठेवला की घालणाऱ्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, हे दुसऱ्या गठ्ठ्याला लक्षात आलं. तोवर बटणवालीने काजं बघून बटणंही लावून टाकली होती."

"आणि तू गप्प बसलीस?"

"वाटलं, तुम्ही पकडालच."

"वा! म्हणजे मीच आंधळी!" वन्संना राग आला. पण त्यांनी दिवसभर टाके बघितले होते, बाजू बघितली नव्हती. प्रत्येक खोक्यावर शिक्का त्यांचाच होता.

घड्याळात दोन वीस झाले होते. ट्रक तीनच्या सुमारास निघाला तरच पाचच्या आत बंदरावर पोचणार होता. मुकादम धावत आला. ऐकल्यावर त्याने कपाळावर हात मारला.

"सहा हजारांत चोवीस! साहेब नेमकं तेच खोकं उघडतील कशावरून?"

"नेमकं तेच उघडतील," वन्सं म्हणाल्या. "आपलं नशीब काय आजच बघताय?"

पहिला गठ्ठा सगळ्यात लहान मापाचा होता, म्हणजे ते शर्ट त्या मापाच्या सहा खोक्यांतच असणार. ती ट्रकमधून खाली उतरवली. शर्ट उलगडायला वेळ नव्हता. दोघी घड्यांच्या फटीत बोटं घालून कुठली बाजू वर आहे ते चाचपत गेल्या. उजवा निघाला की बाहेर, त्याच्या जागी जादाच्या शर्टांतला एक आत. अकरा. सतरा. बावीस. आधीचा धरून तेवीस.

खोकी संपली.

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तीनला सहा मिनिटं होती.

"एकच ना? भरा!" मुकादम ओरडला.

भावजय उभीच राहिली. "वन्सं... पहिला शर्ट मालकांनी यंत्रावरूनच उचलला होता. नमुना म्हणून."

नमुना कागदपत्रांसोबत जातो. साहेब आधी तोच हातात घेतात.

ती ट्रककडे पळाली. कागदपत्रांचं मोठं पाकीट ड्रायव्हरच्या शेजारी होतं.

"ताई, हात लावू नका. लाखेचं सील आहे, मालकांशिवाय कुणी तोडायचं नाही."

भावजय वळली आणि सरळ मालकांच्या खोलीत शिरली. दारातूनच म्हणाली, "साहेब, पाकिटातला नमुना बाईचा शर्ट झालाय. माझ्या हातून."

मालकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. ओरडायला सवड नव्हती. सील तुटलं, नमुना बदलला, नवी लाख तापली. ट्रक तीन बाराला फाटकाबाहेर पडला.

मग दोन्ही रांगांतली यंत्रं बंद पडली नाहीत, पण कुणाचा टाका सरळ पडेना. साडेचार झाले. पावणेपाच झाले.

पाचला दहा मिनिटं असताना मालक बाहेर आले. "बंदरावरून फोन होता. तपासून माल उतरवून घेतला," ते म्हणाले. मग भावजयीकडे बघून, "उद्यापासून तुम्ही काजाच्या यंत्रावर नाही. धागे कापायच्या टेबलावर."

ते टेबल तपासणीच्या टेबलाला लागूनच होतं. ती तेव्हाच आपलं स्टूल उचलून वन्संच्या शेजारी येऊन बसली.

"घरी तुमच्या भावाला काय सांगायचं?" तिने हळूच विचारलं.

"जे झालं ते. आणि तूच सांगायचं." वन्संनी कात्री तिच्यापुढे सरकवली. "फक्त शिक्का माझा होता, हेही सांग."