घणवीरचा डावा कान

"या अंकात कान बरा करून टाका, काका," मालक म्हणाला आणि पलीकडच्या प्रकाशनाच्या चित्रकथेचा ताजा अंक त्याने मास्तरांच्या टेबलावर टाकला.

मास्तरांनी आधी ओल्या शाईचं आपलं पान बाजूला ओढलं, मग अंक हातात घेतला. मुखपृष्ठावर त्रिलोक एका बोटाने चंद्र सारत होता.

"आता पुढच्या महिन्यात काय सारणार?" मास्तर म्हणाले. "आकाश तर संपलं."

हा त्रिलोक सुरुवातीला ट्रक उचलायचा. मग पूल उचलू लागला, मग डोंगर. मागच्या अंकापेक्षा कमी उचललं तर पोरं काय म्हणतील, या धास्तीने त्याच्या प्रकाशकांनी त्याचं बळ वाढवत नेलं. होता होता त्याला हरवू शकेल असं कुणी उरलं नाही आणि गोष्टीच अडल्या. तेव्हा त्यांनी निळा धूर आणला. धूर नाकात गेला की त्रिलोक लुळा पडायचा. पुढच्या अंकात धूरही नसायचा आणि लुळेपणही. मास्तर म्हणायचे, उणीव पाहुणी म्हणून येऊन चालत नाही, ती घरातली लागते.

मास्तरांचा घणवीर पहिल्या अंकात जेवढं उचलायचा तेवढंच आजही उचलायचा. अडकलेली बस, कलंडलेली भिंत. आणि पहिल्या अंकापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. शत्रू यायचा तो त्याच बाजूने. पानावर घणवीर आपल्याकडे तोंड करून उभा असला की त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, म्हणजे जिथून पान उलटायचं त्या कोपऱ्यात. मास्तर शत्रूची सावली नेमकी तिथे काढायचे. पोरांना ती दिसायची, घणवीरला चाहूल लागायची नाही. त्याला सावध करायचं तर आधी मनाने त्याच्या जागी उभं राहून डावी बाजू कोणती ते ठरवावं लागे. कित्येक पोरं डावं-उजवं अशीच शिकली होती. एकदा छापखान्यात एका पानाची फिल्म उलटी लागली, चित्र आरशातल्यासारखं छापलं गेलं आणि घणवीर भलत्याच कानाने बहिरा झाला. त्या महिन्यात पोरांच्या पत्रांचा पाऊस पडला. एकाने विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला तरी डावं-उजवं कळतं का?

मालक वाईट माणूस नव्हता. वडिलांच्या मागे त्याने हे प्रकाशन नेटाने चालवलं होतं. खप असाच उतरत राहिला तर वर्षअखेरीला कुलूप लावावं लागेल, असं तो म्हणाला. छापखान्यातल्या लोकांचं पोट त्यावर होतं, हे मास्तरांनाही ठाऊक होतं.

"पोरांना जिंकणारा लागतो, काका. आपला सारखा मागून फटके खातो."

"मागून नाही. डावीकडून."

"तेच ते."

"बरं, काढतो," मास्तर म्हणाले. "पण जिन्यावर वाचून दाखवल्याशिवाय पानं छापायला द्यायची नाहीत."

ती तिथली जुनी रीत होती. छपाईआधी इमारतीतल्या पोरांना जिन्यावर बसवून मास्तर अंक वाचून दाखवत. मालकाने मान डोलावली.

संध्याकाळी घरी मास्तर बायकोच्या डाव्या अंगाला जाऊन बसले आणि काहीतरी पुटपुटले. तिने चष्मा काढला.

"बातमी वाईट असली की तुम्ही या बाजूला येता. इकडे या, नीट सांगा."

घणवीरचा कान खरा तिचा होता. लहानपणीच्या तापात तिचा डावा कान गेला होता. पहिल्या भेटीत मास्तर चुकून त्या बाजूला बसले आणि बराच वेळ आपल्या चित्रकलेविषयी बोलले. ती सगळ्यांना सांगायची, मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही, म्हणून तर हो म्हटलं. घणवीर निघाला तेव्हा पहिला अंक घेऊन ती शेजारीपाजारी फिरली होती. हा कान माझा आहे, असं दाराशी उभी राहून सांगत होती.

मास्तर उठून उजवीकडे आले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"बरा झाला तर त्याचा होईल. माझा काही होत नाही," ती म्हणाली. "पण काढायचंच तर जीव ओतून काढा. हात राखून काढलंत तर मला पानावर दिसेल."

मास्तरांनी हात राखला नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कानात पडतं आणि घणवीरला सगळं ऐकू येऊ लागतं, ते पान त्यांनी फार सुंदर काढलं. मालक बघतच राहिला.

मग जिन्यावर पोरं जमली. मालक सगळ्यात वरच्या पायरीवर बसला. मास्तर एकेक पान धरत वाचू लागले. झऱ्याचं पान आलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मालकाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर वाचत राहिले.

शेवटून दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात सावली आली. सवयीने सगळा जिना ओरडला, "डावीकडे, डावीकडे!" एका लहानग्याने स्वतःचा डावा कान धरला होता. मास्तरांनी पान उलटलं. घणवीर आधीच वळला होता. त्याने शत्रूला एका हाताने धरलं होतं आणि तो हसत होता.

लहानग्याचा हात कानावरून हळूहळू खाली आला.

पहिल्या पायरीवर बसणारी, सगळ्यात जास्त ओरडणारी मुलगी म्हणाली, "मग आम्ही ओरडलो कशाला?"

मास्तरांनी पानं जुळवली आणि पोरांना घरी जायला सांगितलं. मालक तिथेच बसून होता. बऱ्याच वेळाने तो खाली आला.

"खपात आपण मागेच राहणार, काका."

"हो, राहू."

"दर महिन्याला अंक परवडणार नाही. एक महिना सोडून काढू. छापखान्याला बाहेरची कामं घेऊ." त्याने गठ्ठ्यातून झऱ्याचं पान काढून मास्तरांच्या हाती दिलं. "पान झकास झालंय. पण कान होता तसाच राहू द्या, शेवट दुसरा काढा. आणि सावली जरा मोठी घ्या."

पानं काखेत धरून मास्तर रस्त्यावर आले. बायको नेहमीप्रमाणे कोपऱ्यावर उभी होती. दोघं रोज तिथून सोबत घरी जात. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

मास्तर तिच्या मागून फिरून उजव्या बाजूला गेले आणि मगच बोलू लागले.