बिनफुलीचं भांडं

कातारी दवाखान्याच्या बाकावर बसला होता आणि घरी सांगून आला होता की लाकडाच्या वखारीत जातो. आता वखारीत जाणाऱ्या माणसानं इस्त्रीचा शर्ट कशाला घालावा? पण भीती आत शिरली की अक्कल बाहेर पडते, त्याला कोण काय करणार. गेले सहा महिने त्याचा उजवा हात थरथरत होता. आधी फक्त सकाळी, मग कधीही. आणि लाकडाची भांडी कातून पोट भरणाऱ्या माणसाचा हात थरथरायला लागला, की उरलं काय?

कारखाना वडिलांचा. त्यांच्या मागे तो आणि त्याची थोरली बहीण मिळून चालवत होते. तो लेथवर उभा राहायचा. अक्का भांड्यांना तेल लावायची, गिऱ्हाईक बघायची आणि उरलेल्या वेळात भावाच्या चुका काढायची. वेळ तिला बराच उरायचा.

चुका होतातच म्हणा. काठ उडाला तर भांडं बुटकं करा, बूड पातळ झालं तर आतून चकती बसवा. चूक सावरणं ही निम्मी कारागिरी, असं म्हातारा म्हणायचा. एका बाबतीत मात्र तो कुणाचं ऐकायचा नाही. पटाशी अडकून भांड्याला चीर गेली आणि डिंक भरून ती सांधली, तर भांड्याच्या बुडाला लाल पेन्सिलीनं फुली मारायची. फुलीचं भांडं पुन्हा लेथवर चढवायचं नाही, उरलेलं काम हातानं घासून करायचं. कारण भांडं कातलं जातं दोनदा. ओलं असताना जाडसर, आणि तीन महिने फळीवर वाळल्यावर पातळ. ही दुसरी खेप जोरात फिरते. त्या वेगात सांधा सुटला, तर लाकूड सुटून येतं ते थेट कातणाऱ्याच्या तोंडावर.

हात थरथरायला लागल्यापासून चिरा वाढल्या होत्या. दर शनिवारी अक्का फळीवरची भांडी पालथी करून बघायची. एकदा म्हणाली, "एका आठवड्यात चार फुल्या? हात आहे की फावडं?"

ती चेष्टेत म्हणाली होती. पण चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, हिला कळलं. आज चेष्टा करते, उद्या म्हणेल, तू आता लेथपासून लांब राहा. मग आपण करायचं काय? तेल लावायचं? त्या दिवसापासून त्यानं फुल्या मारणं बंद केलं. चिरेत पातळ डिंक सोडायचा, वर त्याच लाकडाचा बारीक भुसा दाबायचा आणि काचपेपरनं घासून टाकायचं. इतकं सफाईनं, की पाहणाऱ्याच्या बापाला कळू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. भांडी वाळली की ही सांधलेली आपणच गुपचूप बाजूला काढू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. सात असतील, फार तर आठ.

खिशातला फोन वाजला. मुलीचा होता. तीन वर्षं ती त्याच्याच हाताखाली शिकत होती, आणि खरं सांगायचं तर आता तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता.

"बाबा, तुम्ही वखारीतून येईपर्यंत मी वाळलेली भांडी कातायला घेते. आत्या म्हणाली, फुली नसलेलं कुठलंही घे. ते अक्रोडाचं मोठं घेतलंय."

तो ताडकन उठला. अक्रोडाच्या मोठ्या भांड्याची चीर काठापासून चार बोटं खाली उतरलेली होती.

"थांब. ते नको घेऊ."

"काय? लेथ चालू केलाय, काही ऐकू येत नाही. ठेवते."

त्यानं परत फोन लावला. पाच वेळा लावला. काम करताना ती फोन तेलाच्या कपाटात ठेवायची, भुसा जाऊ नये म्हणून. ही सवय त्यानंच लावली होती. अक्काला लावला, तर तिचा बंद. तिचा फोन चालू असेल तो दिवस वेगळाच. आतून त्याचा नंबर पुकारला, तेव्हा तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होता.

बस नुकतीच गेली होती. तो धावत सुटला. पन्नाशी उलटलेला माणूस इस्त्रीच्या शर्टात भर रस्त्यातून धावतोय म्हटल्यावर लोक वळून बघत होते. बघू देत. तो मनात काम मोजत होता. भांडं पकडीत बसवून झालं असेल. बाहेरची बाजू सारखी करायला दहा, ते हळू चालतं. मग आतली बाजू, आणि तेव्हा ती वेग वाढवणार. वाढवणारच, आपणच शिकवलंय, वाळलेल्या लाकडाला वेग हवा. तोंडावरची काच तिनं लावली असेल का? उकडतं म्हणून ती काढून ठेवते. आपण ओरडत नाही, कारण आपणही काढतो. माझा हात तुटू दे, पण तिच्या तोंडाला काही होऊ देऊ नको, असं तो पुटपुटत होता. कुणाला म्हणत होता ते त्यालाही माहीत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी लेथची घरघर ऐकू यायला हवी होती. रोज यायची. आज काहीच नव्हतं. शेवटची वीस पावलं तो चालत गेला, कारण आत काय असेल ते बघायची त्याची छाती नव्हती.

मुलगी भुशात खाली बसली होती. अक्का तिच्या पाठीवर हात ठेवून उभी. काच खुंटीवर टांगलेली. आणि मागच्या भिंतीच्या फळीत, बरोबर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, अक्रोडाचा तुकडा रुतून बसला होता.

"लागलं का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "पेन्सिल पडली म्हणून खाली वाकले, तेवढ्यात सुटलं." तिनं केसांतला भुसा झटकला. "बाबा, माझाच हात चुकला. पटाशी आधीच जास्त दाबली असणार. मी यापुढे लेथला हात लावणार नाही."

"पोरीनं घाई केली, दुसरं काय," अक्का म्हणाली. "जाऊ दे. जीव वाचला, सगळं आलं."

त्यानं भुशात पडलेला दुसरा अर्धा तुकडा उचलला. तुटलेल्या कडेवर डिंकाची चकचकीत रेघ होती. ती फक्त त्याला दिसत होती. तुकडा चुलीत घातला असता तर विषय तिथेच संपला असता. पोर लेथ सोडणार, आणि आपण लेथवर राहणार. हा विचार त्याच्या मनात आला, आणि आपल्या मनात हे आलं याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

त्यानं तुकडा अक्काच्या हातात दिला. "तिची चूक नाही. ही चीर माझी. सांधली आणि फुली मारली नाही. हात चालत नाही माझा, सहा महिने झाले. दवाखान्यात गेलो होतो."

त्यानं उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. अक्का हाताकडे बघत राहिली.

"अशी अजून किती आहेत?" मुलीनं विचारलं.

"सहा. सातही असतील."

"कुठली?"

तो फळीकडे गेला. एक भांडं उचललं, काठावरून अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. दुसरं उचललं, तिसरं उचललं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. सगळी सारखी. त्यानं आयुष्यात इतकं सफाईचं काम कधी केलं नव्हतं.

"कळतंय का बाबा?"

"नाही."

मुलगी उठली आणि तिनं लेथचा प्लग काढला. अक्कानं भुशात पडलेली लाल पेन्सिल शोधून त्याच्यापुढे धरली. फळीवर बिनफुलीची एकतीस भांडी होती. थरथरत्या हातानं त्यानं एकतीस फुल्या मारल्या, आणि दोघी तिथेच उभ्या राहून बघत होत्या.