एकोणीस चिंचोक्यांचा शब्द

नवाबनं मलिकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते भातात खडा निघाला म्हणून! मूल गावच्या राइस मिलमध्ये हमालांचा मुकादम तो, तांदूळ घरी आणणारा तोच, आणि खड्याची सजा बायकोला. पण नवाबला कोण विचारणार? हात आधी, तोंड मागून, अशी त्या मेल्याची रीत. चार वर्षांत तिचे दोन दात गेले, एका कानानं ऐकू येईनासं झालं. या खेपेला मात्र ती लटकता हात ओढणीत बांधून मोटारीत बसली आणि आलापल्लीला बापाकडे आली.

बाप जलालुद्दीन हातोडे कोरायचा. सागाच्या ओंडक्यांवर ठेकेदाराची निशाणी ठोकायला लोखंडी हातोडा लागतो, त्याच्या तोंडावर इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. ओंडक्यावर ती सुलट उमटायची तर हातोड्यावर उलटी कोरावी लागतात. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लग्नाआधी तीन वर्षं छिन्नी मलिकाच चालवत होती, पण दार लावून. बाईच्या हातचा हातोडा म्हटलं की ठेकेदार नाक मुरडायचे.

जुम्याच्या नमाजनंतर जमातीची पंचायत बसली. पोरीचा हात गळ्यात बांधलेला सगळ्यांना दिसत होता, तरी फैसला काय झाला? ईदपर्यंत तिनं आपल्या कमाईची भाकर खाऊन दाखवावी, तर राहावं बापाकडे. नाही जमलं तर नवाब येऊन घेऊन जाईल. शिलाईचं काम चालेल म्हणे, बाईमाणसाला शोभतं. आणि मशीन? ती कोण देणार, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. वा रे इन्साफ!

लाकडाच्या डेपोवर भैयाजी मुन्शी होता. नागपूरच्या पेपरात दर हप्त्याला कोडं यायचं: इंग्रजीची चार अक्षरं दिलेली, ती चारही ज्यात येतात असा लांबात लांब शब्द शोधून पाठवा. दिवाळीच्या कोड्याला बक्षीस होतं शिलाई मशीन. एक साहेब जाताना जाडजूड डिक्शनरी टाकून गेला होता, ती भैयाजीकडेच होती. पण त्याचा आळस असा, की माशी बसली तर तीही दुसऱ्यानं हाकलावी.

"मलिकाबाई," डिक्शनरी तिच्या दारात आणून टाकत तो म्हणाला, "तू शब्द काढ. फारम मी भरतो, इंग्रजी मले येते. मशीन आली तर तुहीच, माही नाई."

"खरं बोलून राह्यले ना, मुन्शीभाऊ?"

"अवं, मुलाबाळायची शपथ!"

त्याला मूलबाळ नव्हतं, हे मलिकाला माहीत नव्हतं.

तिनं डिक्शनरी उघडली आणि बापाला म्हणाली, "अब्बा, हे पुस्तक उलटं छापलं हाय." म्हातारा इतका हसला, की त्याला ठसका लागला. तिनं अक्षरं पाहिली होती ती फक्त पोलादावर, उलटी; ओंडक्यांवर सुलट उमटलेली बघायला डेपोत पाय ठेवायची बाईला मुभाच नव्हती. मग तिनं दाढीचा आरसा भिंतीला टेकवला आणि पुस्तक त्याच्यासमोर धरलं. त्या जुन्या डिक्शनरीत शब्द मोठ्या अक्षरांत होते. आरशात सगळी अक्षरं तिच्या ओळखीची झाली.

कोड्याची अक्षरं होती बी, एच, एम आणि वाय. अर्थ तिला एकाही शब्दाचा कळत नव्हता. एका शब्दात चारही अक्षरं सापडली, की त्या शब्दाच्या दर अक्षराला एक चिंचोका मांडायचा आणि ओळीची लांबी बघायची. दिवसभर जड पुस्तक एका हातानं पेलायचं. मोडलेलं हाड असं ठणकायचं, की ती ओढणीचं टोक दातात धरायची. बाराव्या दिवशी एकोणीस चिंचोके मांडले गेले. ती धावत डेपोच्या फाटकापर्यंत गेली.

भैयाजीनं अडखळत वाचलं, "इन्कॉम्प्रिहेन्सिबिलिटी. म्हंजे, कोणाले समजू नाई शकत, तसं."

"मग तर माह्याच घरची गोष्ट झाली," मलिका म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा ती मोकळी हसली असेल.

ईदला पाच दिवस उरले असताना मशीन आली. बल्लारशाहहून ट्रकनं आली आणि उतरली भैयाजीच्या पडवीत. मलिका गेली तर भैयाजीची बायको मशीनला हळदकुंकू वाहत होती.

"कोणती मशीन?" भैयाजी म्हणाला. "फारमवर नाव कोनाचं हाय? जा वं घरी."

जलालुद्दीन काठी टेकत गेला. भैयाजीनं नुसती मानेनं खूण केली. डेपोवरचा हमाल बिरजू, त्यानं म्हाताऱ्याच्या हातातली काठी हिसकली आणि तिनंच त्याला झोडला. आधी पाठ, मग गुडघे, मग डोकं. म्हातारा पडला तरी बिरजू थांबेना. मलिका मधे पडली तर तिच्या दुखऱ्या खांद्यावरच घाव बसला. तिला वाटलं, ही मशीन आपली नाही झाली तर आपण मेलो. मूलला गेल्यावर नवाब या वेळी हाडावर थांबणार नाही.

आणि ईदची वाट न बघता नेमका त्याच संध्याकाळी नवाब तिला न्यायला आला!

सासऱ्याचं फुटलेलं डोकं त्यानं पाहिलं. कोणी मारलं विचारलं, मशीनची कथा ऐकली आणि खाटेखालची कुऱ्हाड उचलली. कुऱ्हाड सुलटी धरायची की उलटी, पात्यानं मारायचं की दांड्यानं, इतका विचार त्यानं केला, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल. मलिका मागून धावली. बिरजू पळाला. भैयाजी जेवत होता, त्याला नवाबनं ताटावरून ओढलं. पहिल्या दांड्यात जबडा गेला. दुसऱ्यात हात. मग किती बसले ते मलिकानं मोजलं नाही. भाताला रक्त लागलेलं तिनं पाहिलं. भैयाजीची बायको ओरडत होती, आणि नवाबच्या तोंडावर तेच होतं जे खडा निघाला त्या दिवशी होतं. राग नव्हे. मजा.

मग त्यानं मशीन खांद्यावर घेतली, सगळ्या मोहल्ल्यातून मिरवत आणली आणि मलिकासमोर ठेवली. "ले! तेरे वास्ते लाया. अब चल घर."

जमातीचे बुजुर्ग जमले. त्यांचे चेहरे उजळले. असा नवरा! सासऱ्याचा बदला घेतला, बायकोला मशीन दिली. आता बाईला तक्रार कशाची? आणि पोलीस आले तर सगळ्यांनी काय सांगायचं तेही ठरलं: मुन्शी ओंडक्यांच्या थप्पीवरून पडला, त्याची बायको भेदरून काहीही बरळते.  मलिकानं शब्द शोधून कमावलेली मशीनच तिला मूलला घेऊन चालली होती.

सकाळी मोटार सुटायच्या आत हवालदार दोन शिपाई घेऊन पोलिसांच्या गाडीतून आला. भैयाजीला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं, बेशुद्ध. हवालदारानं एकेकाला विचारलं. थप्पीवरून पडला, थप्पीवरून पडला. सगळे पोपट! नवाब मशीनवर कोपर टेकून बिडी ओढत होता.

"तू, बाई?"

"पडला नाई तो," मलिका म्हणाली. "यानं मारलं. कुऱ्हाडीच्या दांड्यानं. म्या पाह्यलं."

"तुझा कोण हा?"

"नवरा."

नवाब झेपावला. हवालदार मधे येण्याआधी त्यानं तिचे केस धरून तिचं तोंड उंबरठ्यावर आपटलं. एकदाच, पण नाकाचं हाड वाजलं. शिपायांनी त्याला लोळवून दोरानं बांधला. "आपल्या माणसाला फसवलं," असं म्हणून एक बुजुर्ग तिच्या अंगावर थुंकला. मुद्देमाल म्हणून मशीनही गाडीत चढली.

"मशीन गेली ना वं, बेटा," जलालुद्दीन खाटेवरून कण्हला.

"जाऊ द्या, अब्बा." तिनं ओढणीनं रक्त पुसलं आणि हवालदाराच्या मागोमाग गाडीपाशी गेली. "साहेब, याले किती वर्षांची सजा होईल?"

"मुन्शी वाचला तर असतील पाच-सात."

मलिकानं गाडीतल्या नवाबकडे पाहिलं, मग हवालदाराकडे.

"आन् नाई वाचला तर?"