लंब्याचा फॉर्म

"काय मास्तर, लंब्याचे पाय कसे वाटतात?" रस्त्यावरची नजर न काढता संघाची गाडी चालवणाऱ्या सायकल-मिस्त्रीने विचारलं.

मास्तर काचेतून पुढेच बघत होते. गाडीच्या पुढे वीसेक मीटरवर लंब्या एकटाच सायकल हाणत चालला होता. पाठ टेबलासारखी सपाट, कोपरं आत ओढलेली, मान खांद्यांत रुतलेली. मानेवर पाणी ओतलं असतं तर ते थेट कमरेपर्यंत घरंगळत गेलं असतं. पाय तर असे फिरत होते, जणू त्यांना कोणी कामाला लावलेलंच नाही, आपल्या मर्जीने फिरायला निघालेत.

घड्याळाशी लावलेली शर्यत होती. एकेक गडी मिनिटामिनिटाच्या अंतराने सुटतो आणि अठरा किलोमीटर एकट्याने कापतो. मोसमातली ही पहिलीच शर्यत, ती कोणी जिंकली हे आठवड्याभरात कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण उन्हाळ्यातल्या मोठ्या शर्यतीला कोणाला न्यायचं, हे इथेच ठरतं. संघाकडे हल्ली सगळे आकडे असत: नाडीचे ठोके, पायांचा जोर, वाऱ्याचा वेग. तरी शेवटी प्रश्न यायचाच, "मास्तर काय म्हणतात?" गड्याचा फॉर्म डोळ्यांनी पाहून सांगायचा, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम.

अर्ध्या वाटेवर रेडिओ खरखरला. लंब्या दुसरा, फक्त तीन सेकंदांनी मागे.

मिस्त्रीने स्टिअरिंगवर थाप मारली. "लंब्या परत आला बघा!"

मास्तरांचाही जीव भांड्यात पडला. मागच्या मोसमाच्या शेवटी एका ओल्या वळणावर लंब्या पडला होता. खांद्याजवळचं हाड गेलं, खुबा गेला, चार महिने अंथरूण. हाडं जुळली, डॉक्टरांनी सही दिली, आणि आज हे.

पुढे रस्ता नदीकडे उतरत वळणं घेत गेला. मास्तर बघतच होते. पाठ तशीच होती, पायही तसेच. आणि शेवटच्या रेघेपाशी फळ्यावर आकडा लागला: चौतिसावा. एकावन्न सेकंद मागे.

मिस्त्रीने फळ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "घड्याळ बिघडलंय का यांचं?"

संघाच्या गाड्यांपाशी ज्याला त्याला कारण सापडलं होतं. कोणी म्हणालं, नदीकाठी वारा फिरला. कोणी म्हणालं, चाकात हवा जास्त होती. मॅनेजरबाई लॅपटॉप उघडूनच आल्या. वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या, पण बोलणं मोजकं.

"मास्तर, पायांचा जोर तीन वर्षांतला सगळ्यात जास्त आहे. आणि हा चौतिसावा. याचा अर्थ काय लावायचा?"

"बघतो."

"उद्या दहापर्यंत सांगा. यादीत एकच जागा उरलीय. आणि त्याचा करार याच वर्षी संपतोय, हे तुम्हाला ठाऊक आहेच."

लंब्या टॉवेलने मान पुसत आला. तोंडभर हसत होता. "आज पाय नुसते पळत होते, मास्तर! मग एकावन्न सेकंद गेले कुठे?"

"ते मी तुला विचारायचं, की तू मला?"

मास्तरांचं डोकं चक्रावलं होतं. दमलेला गडी 'मस्त आहे' म्हणतो, ते त्यांना पाठमोऱ्या खांद्यांवरून कळायचं. आजारपण लपवणारे त्यांनी पहिल्या किलोमीटरला पकडले होते. पण चांगला गडी, चांगले पाय आणि ही वेळ? त्यांची बायको नेहमी चिडवायची, "शेगडीवरचं दूध उतू जातं ते दिसत नाही, आणि म्हणे माणसाचे पाय बघून सांगतात!" मास्तर दरवेळी हसायचे. आज ते आठवलं तेव्हा त्यांना हसू आलं नाही.

मिस्त्री सायकल पुसत होता. त्याने हाक मारली. "मास्तर, जरा इकडे या."

त्याच्या हातातलं फडकं काळंकुट्ट झालं होतं.

"सकाळी ब्रेकचे नवे पॅड घातलेत. बघा, किती झिजले. या रस्त्यावर ब्रेक लागतो कुठे? पुलाजवळचं वळण सोडलं तर बोटसुद्धा लावायला नको."

"चाकाला घासत असतील."

मिस्त्रीने फडकं खाली ठेवलं. "सायकल माझ्या हातची आहे," तो एवढंच म्हणाला.

मास्तर हॉटेलवर गेले. लंब्या पलंगावर पडून पाय भिंतीला वर टेकवून होता.

"आज ब्रेक किती वेळा मारलास?"

"एकदा. पुलाजवळ."

"बाकीच्या वळणांवर?"

"तिथे कशाला मारू?"

खोटं बोलणारा गडी आधी 'बसा ना मास्तर' म्हणतो, पाणी देतो, गुडघेदुखीची चौकशी करतो. लंब्या नुसता त्यांच्याकडे बघत होता. मास्तरांनी फडक्याचं सांगितलं तेव्हा त्याने पाय भिंतीवरून हळूच खाली घेतले.

सकाळी उजाडताच दोघं नदीकडच्या चौथ्या वळणावर गेले. मास्तर वळणाच्या आत उभे राहिले. लंब्या वरून आला. हात पुढच्या दांड्यांवरून ब्रेक असलेल्या खालच्या हँडलवर आले, ते बरोबरच होतं. मग डाव्या हाताची दोन बोटं मिटली. खर्र असा बारीक आवाज झाला.

"नाही ना मारला?" लंब्या वळून येत ओरडला.

"मारलास."

"शक्यच नाही."

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा तो स्वतःच्या हाताकडे बघतच आला, तरी बोटं मिटली. चौथ्यांदा त्याने बोटं चटका बसल्यासारखी ताठ बाहेर धरली. ब्रेक लागला नाही, पण सायकल रुंद गेली आणि कडेच्या खडीत अडखळत थांबली. लंब्या एक पाय टेकून उभा राहिला आणि तळहात उलटासुलटा करून बघत राहिला.

"मला भीती नाही वाटत, मास्तर. तुमची शपथ. झोप लागते, जेवण जातं. पडलो ते स्वप्नातसुद्धा येत नाही. मग हे काय आहे?"

"मला कळत नाही रे," मास्तर म्हणाले. सव्वीस वर्षांत एकाही गड्याला त्यांनी हे वाक्य ऐकवलं नव्हतं.

दोघं कठड्यावर बसले. खाली नदीचं पाणी संथ होतं.

"बाईंना काय सांगणार?"

"वारा होता, असं सांगता येईल. होताच वारा. उन्हाळ्यापर्यंत कदाचित जाईलही हे."

लंब्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्याने खडीतला एक दगड उचलला आणि परत होता तिथेच ठेवला. "आणि नाही गेलं तर? तिकडे सगळे एकत्र सुटतात, घाटात माझ्या मागे पन्नास जण असतील. माझी बोटं कधी मिटणार, हे मलाच माहीत नाही, त्यांना कुठून कळणार? दिसलं ते सांगा, मास्तर. आत्ताच सांगा. मी इथे असताना."

मास्तरांनी फोन लावला. "बाई, पाय उत्तम आहेत. त्याचे असे पाय मी कधीच पाहिले नव्हते. पण यादीत नाव घालू नका. वळणावर त्याचा हात थांबतो. का थांबतो ते मला समजलेलं नाही. त्यालाही नाही."

पलीकडून बाईंनी विचारलं, "म्हणजे फॉर्म आहे की नाही?"

"तेच तर सांगता येत नाहीये, बाई."

लंब्याने हेल्मेटचा पट्टा आवळला. "तुम्ही गाडीने या. मी सायकलवर जातो."

तो निघाला. पुढचा अर्धा किलोमीटर रस्ता सरळ होता. पाठ सपाट झाली, मान खांद्यांत गेली, पाय फिरू लागले. इतकं देखणं सायकल चालवणं मास्तरांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते बघत राहिले. मग समोर पुढचं वळण आलं, तसे ते घाईघाईने पाठमोरे झाले आणि गाडीची किल्ली शोधत सगळे खिसे चाचपू लागले. किल्ली त्यांच्या हातातच होती.