बेसिनपाशी

टण्ण!

दुपारच्या चिडीचूप घरात चमचा फरशीवर पडला आणि तिच्या भाषणाचे तीन तेरा वाजले. ओट्यावरच्या कपबश्यांना श्रोते समजून ती फ्रेंचमध्ये हातवारे करत होती, त्यात धक्का लागला. आतल्या खोलीत लेक टक्क जागी होऊन बसली.

"झालं!" जाऊबाईंनी शिलाई मशीन थांबवलं. "निजलेली असती तर सांभाळली असती गं. आता तुला सोडून ती राहते होय?"

"नेते सोबत, वहिनी."

"घरातल्यांचं कल्याण उरकलं म्हणून विद्यापीठाचं करायला निघालीस!" जाऊबाई हसल्या. पण लेकीची वेणी त्यांनीच घातली. "निवडून ये. नाहीतर भांडी तू घासायची."

विद्यापीठाच्या फ्रेंच मंडळात कल्याणप्रमुखाची निवडणूक होती. नव्यांची विचारपूस करायची, आजारी पडलेल्याला टिपणं पोचवायची, कोपऱ्यात बसणाऱ्याला ओढून आणायचं, एवढंच काम. पण तिला ते मनापासून हवं होतं. लेक झाल्यावर मोडलेलं शिक्षण पुन्हा धरायला ती वर्गात येऊन बसली, तेव्हा 'कशी आहेस' म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

तिच्याविरुद्ध उमेदवार होता रेडिओ. हे नाव त्याला वर्गाने दिलेलं. एकदा सुरू झाला की बंद होत नसे, आणि फ्रेंच अशी की ऐकत राहावं. मंडळाचा नियम कडक होता. सभेच्या खोलीत फक्त फ्रेंच. दुसऱ्या भाषेतला शब्द निसटला की त्याने शेवटी सगळ्यांचे कप धुवायचे. रेडिओने आजवर एक कप धुतला नव्हता. तिचे हात मात्र सदा साबणात. शेजारच्या खोलीतल्या बेसिनपाशी तिच्यासोबत नेहमी कुणीतरी चुकलेलं असे. पहिल्या वर्षाची एखादी रडवेली मुलगी, नाहीतर घराची आठवण येणारा एखादा मुलगा. तिथे नियम नव्हता. तिथे मनसोक्त गप्पा चालत.

सभेत रेडिओचं भाषण झकास झालं. मग ती उठली. सुरुवातीला अडखळली, पण हळूहळू शब्द सापडत गेले, आणि तेवढ्यात...

"आई, शू!"

"थांब गं राणी, दोनच वाक्यं राहिलीत!"

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण मराठीत बोललो. "कप! कप!" अख्खी खोली ओरडली. ती लेकीला काखेत मारून पळाली. परतली तोवर वेळ संपली होती. दोन वाक्यं पोटातच राहिली.

मग मतदान. बेसिनपाशी दोघांच्या नावांचे दोन उंच कप ठेवले होते. एकेकाने आत जायचं, हव्या त्या कपात चमचा टाकायचा. उमेदवारांनी आधी. ती लेकीचं बोट धरून आत गेली. दोन्ही कप रिकामे होते. ती क्षणभर थांबली, चमचा टाकला आणि बाहेर आली. तिच्यामागून गेलेला रेडिओ तर कपात न डोकावता, चमचा टाकून लगेच परतला.

अध्यक्ष मुलीने कप बाहेर आणून टेबलावर उपडे केले. तिच्या कपातून चमच्यांचा ढीग खणखणत पडला. रेडिओच्या कपातून एकच.

"हा कुणाचा?" रेडिओ ताडकन उठला. "मी तर माझा हिच्याच कपात टाकला होता!"

छप्पर उडेल असा ओरडा झाला. "कप! कप! रेडिओ, कप!"

बाह्या सरसावत रेडिओ बेसिनकडे निघाला तो हसतच. "भिंतीपलीकडून तुमचं इथलं खिदळणं ऐकून ऐकून कंटाळलो होतो," तो तिला म्हणाला. "साबण कुठे असतो गं ताई?"

घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. उरलेली दोन वाक्यं तिने भर रस्त्यात, एका बंद दुकानासमोर उभं राहून, खणखणीत म्हणून टाकली. लेकीने टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबवून तिने आईचा हात ओढला.

"आई, तो एकटा चमचा आपला होता ना? तुला जिंकायचं होतं, मग तू तो त्या दादाच्या कपात का टाकलास?"