वापरात आहे

कासोंदेने पेनड्राइव्हच्या नावापुढचा बाण दाबला. नाव पुसट झालं, क्षणभर तसंच राहिलं आणि पुन्हा ठळक झालं. खाली ओळ आली: ‘काढता येत नाही. वापरात आहे.’

आवाज बदलायचा प्रोग्रॅम तिने केव्हाच बंद केला होता. आता फायलींची खिडकीही मिटली आणि पुन्हा बाण दाबला. तीच ओळ. तिचा हात पेनड्राइव्हपर्यंत गेला आणि मागे आला.

ओढून काढायचं नाही, हा या रेडिओ केंद्रातला पहिला नियम होता. इथल्या संगणकांवर लिनक्स होतं. जतन झालं असं ते लगेच सांगून टाकी. प्रत्यक्षात मजकूर आधी स्वतःजवळ धरून ठेवी आणि मग सवडीने पेनड्राइव्हवर उतरवी. मधेच ओढलं तर अर्धवट उतरलेलं जाई, कधी त्याच्याबरोबर आधीचंही सगळं जाई. मागच्या वर्षी कासोंदेची एक मुलाखत अशीच गेली होती. केंद्रप्रमुख जेरे यांनी तेव्हा तिला शेजारी बसवून सगळं समजावलं होतं, आणि नंतर आठवडाभर ऐकवलं होतं, की माकडं खाणाऱ्या बेंबांना उडी मारायची घाई असायचीच. तिनेही सोडलं नव्हतं. न्गोनींना थांबायची सवय असणारच, उंदराच्या बिळापुढे बसण्यातच त्यांचा जन्म जातो, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. ती बेंबा, ते न्गोनी, आणि या दोन जमातींचं नातंच थट्टेचं. त्यात रागवायचं नसतं, आणि उत्तर चुकवायचंही नसतं.

आज पेनड्राइव्हवर बाना चोलाची साक्ष होती. चोलाची आई, म्हणून बाना चोला. खाणीतून निघणारा गाळ अडवणाऱ्या धरणावर ती पहारा करायची. धरणाच्या भिंतीला भेग गेलेली तिने पाहिली आणि वर कळवली. दुसऱ्या दिवशी माणसं आली, भेगेवर माती लिंपून गेली आणि तिला तोंड बंद ठेवायला सांगून गेली. भिंतीच्या खालीच कामगारांची वस्ती होती, आणि वस्तीत तिचं घर. बोलायला ती एका अटीवर तयार झाली होती: तिचा खरा आवाज कासोंदेखेरीज कोणाच्या कानी पडता कामा नये. म्हणून कासोंदेने संगणकात काहीच ठेवलं नव्हतं. मूळ आवाज आणि आत्ताच जतन केलेला बदललेला आवाज, दोन्ही फक्त या पेनड्राइव्हवर होते. दुपारच्या बसने तो किट्वेच्या वकीलबाईंकडे पोचायला हवा होता.

तिने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि पेनड्राइव्ह कोणी धरून ठेवलाय, असं संगणकाला विचारलं. एकच प्रोग्रॅम निघाला. तो तिने सुरू केलेला नव्हता. पेनड्राइव्हवरच्या फायली एकामागून एक वाचून तो याच संगणकातल्या एका बंद कप्प्यात उतरवून ठेवत होता. कप्प्याच्या मालकाचं नाव होतं ‘जेरे’.

सध्या बदललेला आवाज जात होता. त्यानंतर मूळ.

तिने प्रोग्रॅम थांबवायला सांगितलं. उत्तर आलं: ‘परवानगी नाही.’

“झालं नाही का अजून?”

जेरे दारात उभे होते. तिने काळी खिडकी मिटली.

“वापरात आहे म्हणतंय.”

“मग थांबा. घाई करू नका.”

पाच वर्षांत या माणसाने तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. तिने तळवे कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेला पुसले आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली,

“काय हो बा जेरे, आज उंदीर मिळाला नाही वाटतं? तोंड उतरलंय.”

जेरे हसले नाहीत. दाराजवळची खुर्ची ओढून बसले आणि बुटांच्या टोकांकडे पाहत राहिले. बाहेर जनरेटर घरघरत होता. गेल्या महिन्यात तो खाणीने भेट दिला होता.

इथे लावलेल्या पेनड्राइव्हची नक्कल कधीपासून होते, असं तिने विचारलं. ते म्हणाले, थोडे दिवस झाले. कोणाचं काही हरवू नये म्हणून केलंय, काळजीचं कारण नाही.

“पूर्ण होऊ द्या, बा कासोंदे,” नावाआधी आदराचा ‘बा’ लावून ते म्हणाले. “तुमचीच मेहनत आहे.”

कासोंदेने पेनड्राइव्ह ओढला.

पडद्यावर लाल चौकट आली. जेरे उठले, पण पुढे आले नाहीत. मुठीत पेनड्राइव्ह घट्ट धरून ती दाराकडे गेली, तेव्हा ते बाजूला झाले. जरा उशिराच झाले.

रस्त्यावर येताच तिने बाना चोलाला फोन केला. घरी थांबू नकोस, दुपारच्या बसला ये, एवढंच सांगितलं.

बस वस्तीपाशी थांबली तेव्हा बाना चोला गाठोडं घेऊन चढली आणि न विचारता तिच्या शेजारी बसली. बसमधले बहुतेक जण वस्तीतलेच होते. बस निघेपर्यंत दोघी समोर पाहत राहिल्या, मग कासोंदेने केंद्रात घडलेलं हळू आवाजात सांगितलं.

“माझं बोलणं आहे ना त्यात?”

“माहीत नाही. लावून बघितल्याशिवाय कळणार नाही.”

“आणि त्यांच्याकडे?”

“तेही माहीत नाही.”

बाना चोलाने गाठोडं मांडीवरून काढून पायाशी ठेवलं.

“भेगेत माझा अख्खा हात जात होता,” ती म्हणाली.

कासोंदेने तिचं मनगट दाबलं. बाना चोलाने ते सोडवून घेतलं आणि भेगेचं सगळं सांगत राहिली. आवाज चढवला नाही आणि उतरवलाही नाही. पलीकडच्या बाईचे शेंगा सोलणारे हात थांबले. चालकाने गाणं बंद केलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. कासोंदे एकेका पाठमोऱ्या मानेकडे बघत राहिली.